गाडी क्लाउडला जोडताना या चुका टाळा

गाडीत बसवलेलं ट्रॅकर डिव्हाइस सिमवरून क्लाउड सर्व्हरला माहिती पाठवतं. कॉम्प्युटरवरच्या डॅशबोर्डवर गाडी ‘ऑफलाइन’ दिसली की सगळे आधी सर्व्हरला दोष देतात. बिघाड बहुतेक वेळा गाडीतच असतो: वायरिंगमध्ये, डिव्हाइसच्या घड्याळात, नाहीतर सिममध्ये. म्हणून मल्टिमीटर आधी काढा, लॅपटॉप नंतर.

इग्निशनची वायर भलतीकडे

ट्रॅकरला तीन वायर लागतात: बॅटरीचा कायमचा प्लस, अर्थ आणि इग्निशन. घाईत फिटर तिसरी वायर म्युझिक सिस्टिमच्या एसीसी (अ‍ॅक्सेसरी) लाइनला जोडून मोकळा होतो. अनेक गाड्यांत सेल्फ मारताना एसीसी क्षणभर तुटते. डिव्हाइसला वाटतं गाडी बंद होऊन पुन्हा चालू झाली, आणि रिपोर्टमध्ये एका फेरीच्या दोन होतात. वायर आयजी-१ (मुख्य इग्निशन) लाइनला जोडा. ती सेल्फ मारतानाही चालू राहते. मीटर लावून ठेवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, लगेच कळेल. शिवाय इग्निशन सलग ३० सेकंद बंद राहिल्याशिवाय सॉफ्टवेअरने फेरी संपवू नये. प्लसच्या वायरला २-३ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज लावा, तोही बॅटरीच्या बाजूला.

उभ्या गाडीची बॅटरी उतरणे

ओबीडी पोर्टच्या (गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटच्या) १६ नंबरच्या पिनला चावी काढल्यावरही करंट असतो. तिथे लावलेलं डिव्हाइस झोपलंच नाही आणि १०० मिलिअ‍ॅम्पिअर ओढत राहिलं, तर दिवसाला २.४ अ‍ॅम्पिअर-अवर जातात. लहान गाडीची ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात निम्मी होते. त्यात एक मेख आहे. गाडी बंद असताना डिव्हाइस आरपीएम, वेग वगैरे विचारत राहिलं, तर काही गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरसुद्धा जागा राहतो. मग नुसत्या डिव्हाइसचा करंट मोजून काही सापडत नाही. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि बॅटरीच्या मायनसपाशी अख्ख्या गाडीचा करंट मोजा. ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या वर असेल तर ओबीडीचं डिव्हाइस काढून पुन्हा मोजा.

घड्याळ चुकलं की कनेक्शनही गेलं

सेल्फ मारताना व्होल्टेज कधी कधी ९ किंवा त्याखाली कोसळतं, डिव्हाइस रीसेट होतं. घड्याळाला वेगळा बॅकअप नसेल तर तारीख थेट १९७० सारख्या जुन्या सालावर जाते. मग टीएलएसला (सुरक्षित जोडणीच्या यंत्रणेला) सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. इथे नवीन सर्टिफिकेट टाकून उपयोग नाही. आधी जीपीएस किंवा नेटवर्कवरून वेळ घ्या, मगच ब्रोकरला (मेसेज घेऊन पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरला) जोडा.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. नोंद गाडीत झाली ती वेळ आणि सर्व्हरवर पोचली ती वेळ, दोन्ही ठेवा. ताम्हिणी घाटात नेटवर्क गेलं की नोंदी डिव्हाइसमध्ये साठतात आणि नंतर एकदम येतात. पोचण्याची वेळच खरी धरली, तर नकाशावर गाडी उड्या मारते. एमक्यूटीटी या मेसेज पाठवण्याच्या पद्धतीतल्या क्यूओएस १ मध्ये (मेसेज निदान एकदा पोचेलच अशा सेटिंगमध्ये) एकच नोंद दोनदा येऊ शकते. गाडीचा आयडी आणि अनुक्रमांक यांवरून दुसरी गाळून टाका.

दर काही सेकंदांनी जोडणं-तुटणं

लॉगमध्ये असं दिसलं तर आधी क्लायंट आयडी (ब्रोकरकडची डिव्हाइसची ओळख) बघा. एका डिव्हाइसचं कॉन्फिगरेशन दुसऱ्यात कॉपी केलं की दोघांचा आयडी एकच होतो. एमक्यूटीटी ब्रोकर नव्याला घेताना जुन्याला बाहेर काढतो, जुनं परत येतं, आणि खेळ चालूच राहतो. आयडी वेगळे असतील तर एपीएन (सिमची इंटरनेट सेटिंग) आणि कीप-अलाइव्ह (‘मी जोडलेला आहे’ हे किती वेळाने कळवायचं ती सेटिंग) तपासा.

कमांड ‘रिटेन’ करणे

यातली सर्वांत घातक चूक हीच. ‘इंजिन बंद कर’ हा मेसेज रिटेन फ्लॅग (‘शेवटचा मेसेज जपून ठेव’ ही खूण) लावून पाठवला की तो ब्रोकरवर पडून राहतो. गाडी त्या टॉपिकला (मेसेजच्या विषयाला) पुन्हा सबस्क्राइब झाली की तोच मेसेज परत मिळतो, मग गाडी एक्स्प्रेसवेवर का असेना. कमांडला रिटेन कधीच नको. प्रत्येक कमांडमध्ये मुदत घाला, समजा ६० सेकंद, आणि ती उलटली की डिव्हाइसनेच कमांड फेकून द्यावी. वेग शून्य नसेल तर इंजिनचा रिले (इंजिन बंद करणारा स्विच) हलताच कामा नये. ही तपासणी सर्व्हरवर नाही, डिव्हाइसमध्येच लिहा.