विज्ञान मालिका कशी बघावी: एक उधार, बाकी रोख

इंदूरमधल्या हौशी मराठी नाटकांची प्रकाशयोजना मी करतो. उमेदीची वर्षं डिमरपाशी, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रापाशी, बसण्यात गेली, त्यामुळे टीव्हीसमोर बसलो तरी माझी नजर आधी उजेड कुठून येतोय तिकडे जाते. विज्ञान मालिकांचं, म्हणजे टीव्हीवरच्या विज्ञानकथांचं, वेड मात्र डिमरच्याही आधीचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळजहाजावरची मालिका लागायची, तिथून ते लागलं आणि अजून उतरलेलं नाही. हल्ली राजेंद्र नगरातले शेजारी, तालमीला येणारी पोरं, भाच्याचे मित्र असे बरेच जण विचारतात, की बघायचंय पण सुरुवात कुठून करू? काही जण दोन भाग बघून सोडून देतात, ‘आपल्याला नाही कळत ते’ म्हणतात. कळत नाही असं काही नसतं. बघायची रीत जरा वेगळी आहे. ती एकदा हाताशी आली की घरातलं कुणीही रमतं. माझी आई पंचाहत्तरी ओलांडल्यावर या नादाला लागली.

आधी खोली

या मालिकांमधली कितीतरी दृश्यं अंधारातली असतात. जहाजाचा बोळ, बंद पडलेलं स्थानक, बाहेरची पोकळी. हॉलमधली पांढरी ट्यूब चालू ठेवून ती बघायला बसलात तर पडद्यावर तुमचा स्वतःचा सोफा दिसेल. ट्यूब बंद करा. मिट्ट काळोखही नको, डोळे शिणतात. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पिवळा दिवा ठेवा. पडद्यावरचा काळा रंग लगेच काळा दिसू लागतो.

मग रिमोट घेऊन सेटिंगमध्ये जा. बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये चित्र गुळगुळीत करणारी एक सोय आधीपासून चालू असते. प्रत्येक कंपनीचं तिचं नाव वेगळं, पण बहुधा त्यात ‘मोशन’ हा शब्द असतो. दोन चित्रांच्या मधे टीव्ही स्वतः बनवलेली चित्रं घुसवतो आणि जीव ओतून केलेलं छायाचित्रण बातम्यांच्या स्टुडिओसारखं दिसायला लागतं. ती बंद करा. भडक रंगांचा मोड काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ लावा. आवाज मूळ भाषेतला आणि खाली सबटायटल्स, हे सर्वांत चांगलं. घरातल्या मोठ्यांना तेवढ्या वेगानं वाचणं जमत नसेल तर हिंदी डबिंग बघा, किंवा मधे थांबवून दोन वाक्यांत सांगा. थांबवल्यानं काही बिघडत नाही.

पहिल्या भागापासूनच बघायचा हट्ट धरू नका

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ १९८७ ते १९९४ चालली, तिचे १७८ भाग आहेत. पहिल्या भागापासून सुरू करणारा माणूस पहिल्याच सीझनमध्ये थकतो, कारण तेव्हा मालिकेला स्वतःचाच सूर सापडलेला नव्हता. त्यापेक्षा दुसऱ्या सीझनमधला ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा १९८९ चा भाग आधी लावा. डेटा नावाचा एक यंत्रमानव जहाजावर अधिकारी आहे. त्याला उघडून, सुटा करून अभ्यासायचा असं एक शास्त्रज्ञ ठरवतो. डेटा नकार देतो. मग प्रश्न उभा राहतो: नकार द्यायचा हक्क त्याला आहे का, की तो खात्याच्या मालकीची वस्तू आहे? बरंचसं एका खोलीत घडतं, कोर्टाच्या नाटकासारखं. डेटाच्या विरुद्ध बाजू मांडायची पाळी त्याच्याच मित्रावर, रायकरवर येते. आपलं म्हणणं सिद्ध करायला रायकर उठतो, त्याच्याजवळ जातो आणि बटण दाबून त्याला बंद करतो. त्या क्षणी रायकरचा चेहरा बघा. नाटक करणाऱ्या प्रत्येकानं तो बघावा.

दुसरा भाग ‘डॉक्टर हू’मधला, २००७ चा ‘ब्लिंक’. या मालिकेचं आधीचं काही ठाऊक नसलं तरी चालतं, कारण खुद्द डॉक्टर, म्हणजे काळात प्रवास करणारा तिचा नायक, यात फारसा नाहीच. दगडी देवदूतांचे पुतळे आहेत, कुणी बघत असेपर्यंत ते दगड असतात, पापणी लवली की सरकतात. पडद्यावर एकही पुतळा हलताना दिसत नाही. शेवटाकडे तळघरात एक दिवा फडफडतो आणि दर उजेडाला पुतळे थोडे पुढे आलेले असतात. एवढ्या साध्या साधनानं एवढी भीती! आमच्या नाटकात मी असा प्रसंग करायला मिळावा म्हणून कितीदा लेखकांच्या मागे लागलोय.

एक उधार, बाकी रोख

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक विज्ञान मालिका तुमच्याकडे एक अशक्य गोष्ट मागते. ती बिनतक्रार द्या. भुयारातून मागच्या काळात जाता येतं? ठीक, दिलं. यंत्राला मन आहे? दिलं. पण उधार एवढंच. त्यानंतर जे जे दाखवलं जाईल त्याची किंमत मालिकेनं रोख मोजली पाहिजे. म्हणजे त्या एका गोष्टीमुळे माणसांचं जगणं, पैसा, भांडणं, सैपाक, झोप यात काय काय बदलेल ते तिनं प्रामाणिकपणे दाखवायला हवं, आणि अडचणीत सापडल्यावर ऐन वेळी नवा नियम काढायचा नाही. तुम्ही बघताना मनात हाच हिशेब ठेवा. मालिका चांगली की वाईट हे ठरवायला मला दुसरं माप लागत नाही.

माणसं मंगळावर आणि लघुग्रहांवर राहू लागलेल्या काळातली ‘द एक्सपान्स’ या मापाला पुरेपूर उतरते. २०१५ ते २०२२, सहा सीझन, ६२ भाग. सुरुवातीला तिनं उधार मागितलं ते एक इंजिन: फार कमी इंधनात दीर्घकाळ जोर लावत राहणारं. (पुढे आणखी एक मोठी गोष्ट मागते, पण ती दबकत आणि पूर्ण तयारीनिशी.) इंजिन दिल्यावर बाकीचं कसं आपोआप येतं बघा. इंजिन ढकलतंय तोवर माणसाला वजन आहे, बंद पडलं की सगळे तरंगतात. म्हणून जहाजाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, आणि इंजिन तळाला. अर्धी वाट वेग वाढवायचा, मग जहाज उलटं फिरवून उरलेली अर्धी वाट तो कमी करायचा. ग्रहांमधलं बोलणं फोनसारखं होत नाही, कारण पृथ्वी ते मंगळ जायला प्रकाशालाही अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. माणसं निरोप रेकॉर्ड करून पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. एका निरोपाच्या त्या ताटकळण्यातून राजकारण उभं राहतं. पहिल्या सीझनमध्ये लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेसवरचा पोलीस, मिलर, पेल्यात दारू ओततो तेव्हा धार वाकडी पडते. सेरेस स्वतःभोवती गरगर फिरवून तिथं वजन निर्माण केलेलं आहे, त्यामुळे पडणारी धार बाजूला जाते. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. त्या जगात जन्मलेल्यांना त्यात नवल नाही, म्हणून मिलर तिकडे बघतही नाही. मी मात्र तिथं थांबवून भाच्याला परत दाखवलं. आणि हो, त्यातली पृथ्वीची पुढारी क्रिस्जेन अवसराला साडी नेसते, तिच्या तोंडी शिव्या आहेत. मुलं समोर असतील तर आधी विचार करा.

विज्ञानाचा प्रश्न अडला तर तिथेच घोटाळत राहू नका, वहीत लिहा आणि पुढे चला. आमच्याकडे भाच्यानं विचारलं होतं, की वेगानं जाणाऱ्याचा काळ हळू चालतो हे खरंच की गोष्टीपुरतं? इंदूरकरांना याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या घरापासून जवळच, ज्याला आम्ही सगळे अजून जुन्या नावानं कॅटच म्हणतो त्या राजा रामण्णा संशोधन केंद्रात इंडस-२ हे इलेक्ट्रॉन फिरवणारं यंत्र आहे. १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत असतात. वेगाबरोबर काळ मंदावतो असं सांगणारं आइनस्टाइनचं गणित धरल्याशिवाय ते यंत्र बांधताच आलं नसतं. हे कळल्यावर पोरगा मालिकेतली प्रत्येक गोष्ट तपासायला लागला, आणि त्याचं बघणंच बदललं.

कागद-पेन्सिल कधी लागते

बहुतेक वेळा लागत नाही. ‘डार्क’साठी लागते. ही जर्मन मालिका, २०१७ ते २०२०, तीन सीझन मिळून २६ भाग. विंडेन नावाचं गाव, चार घराणी, आणि ३३ वर्षांच्या अंतरानं जोडलेले काळ: १९५३, १९८६, २०१९. एकच माणूस तीन वयांत तीन वेगळे नट करतात. लोक इथे सोडतात ते नावांमुळे.

मी जुन्या नाटकाचं एक पोस्टर उलटं करून जमिनीवर पसरलं. वर तीन वर्षं लिहिली, डावीकडे चार आडनावं: कानवाल्ड, नील्सन, डॉपलर, टीडेमान. प्रत्येक चौकटीत नाव, आणि ओळखायची एक खूण: डोळ्यावरचा व्रण, पिवळा रेनकोट, हातातलं काहीतरी. पेन्सिलच घ्या, खोडावं खूप लागतं. आणि तक्ता इंटरनेटवरून आयता उतरवून घेऊ नका, त्यात सगळी रहस्यं फुटतात.

यात सर्वांत तरबेज निघाली आई. आतेबहिणीच्या नणंदेचं माहेर सांगणाऱ्या पिढीतली ती, कुलवृत्तांत तोंडपाठ. एका रात्री एका नावापाशी तिनं पेन्सिल टेकवली आणि म्हणाली, “अरे, मग हा हिचा कोण लागायचा?” मी आणि भाचा गप्प. ते नातं मालिकेनं पुढे बऱ्याच भागांनंतर उघड केलं. तेव्हापासून घरात ज्येष्ठ कुणी असेल तर ‘डार्क’ त्यांच्याबरोबरच बघा, असं मी सगळ्यांना सांगतो.

जुन्या मालिका: हात बघा

हा भाग मला सर्वांत जवळचा. जुनी ‘स्टार ट्रेक’ (१९६६ ते १९६९, ७९ भाग) किंवा सुरुवातीची ‘डॉक्टर हू’ बघून मुलं सेटला हसतात. त्यांना एकदा सांगा, की हे कसं केलंय ते आधी ऐका.

दर आठवड्याला जहाज नव्या ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसांना किरणांतून खाली पाठवायची युक्ती निघाली. ती झगमग म्हणजे काय, तर मागून प्रकाश टाकून कॅमेऱ्यासमोर सोडलेली अॅल्युमिनियमची पूड. परग्रहाचं जांभळं, लाल आकाश म्हणजे कोरा पडदा आणि त्यावर दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक कागदातून, जिलेटीनमधून, टाकलेला उजेड. अगदी हेच काम मी करतो. एका भागासाठी भविष्यातल्या दिसतील अशा मीठदाण्या आणल्या होत्या. त्या इतक्या विचित्र आकाराच्या निघाल्या की मीठदाण्या म्हणून कुणी ओळखल्याच नसत्या. मग साध्या मीठदाण्या वापरल्या आणि त्या विचित्र वस्तू जहाजावरच्या डॉक्टर मकॉयच्या हाती शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून गेल्या. पुढच्या वेळी त्याच्या हाताकडे बघा.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. तो दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी, जन्म लखनौचा, तेव्हा वय पंचविशीच्या आत. डॉक्टर ज्यातून काळात फिरतो त्या निळ्या पेटीचा निघतानाचा तो घरघर आवाज ब्रायन हॉजसन यांनी काढला, जुन्या पियानोच्या तारांवर आईच्या घराची किल्ली घासून. हे कळल्यावर तो आवाज पुन्हा ऐका. मला दर वेळी त्यात किल्ली ऐकू येते, आणि त्यामुळे तो आवाज मला जास्तच आवडतो. थोड्या पैशांत अख्खं विश्व उभं करणाऱ्या या माणसांबद्दल मला जो आदर वाटतो तो शब्दांत धरता येत नाही.

किती आणि कुणाबरोबर

रोज एक भाग. एका बैठकीत सीझन संपवणाऱ्यांना गोष्ट कळते, पण ती मुरत नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ (२००४ ते २००९, आधी २००३ ची लघुमालिका बघायलाच हवी) तर एका वेळी एकच झेपते. तिचा ‘३३’ हा पहिला भाग असा: दर ३३ मिनिटांनी शत्रू येतो आणि पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. तो संपल्यावर टीव्ही बंद करा आणि जेवताना बोला. आमच्याकडे या मालिकेला आई बसली ती शीर्षकगीतामुळे. आतून सैपाकघरातून बाहेर आली, “हा तर गायत्री मंत्र!” म्हणाली. खरोखर तोच आहे, चाल निराळी आहे एवढंच.

‘बॅबिलॉन ५’ला मात्र धीर धरावा लागतो. ११० भाग, त्यातले ९२ जे. मायकेल स्ट्राझिन्स्की या एकट्या माणसानं लिहिलेले, पाच वर्षांची गोष्ट आधीच मनात धरून. पहिल्या सीझनमधल्या एका कोड्याची उकल तिसऱ्या सीझनमध्ये मिळते. पहिला सीझन रेंगाळतो, तो तसाच जाऊ द्या.

‘डार्क’ संपली की लगेच दुसरी काळप्रवासाची मालिका लावू नका, नाती एकमेकांत मिसळतात. मधे ‘फायरफ्लाय’ घ्या. २००२ ची, अवघे १४ भाग, आणि जहाजाबाहेरच्या दृश्यांत पोकळीत असते तशी खरी शांतता. मूळ वाहिनीनं ती भागांचा क्रम उलटापालटा करून दाखवली आणि ११ भागांवर थांबवली, म्हणून क्रम तपासूनच सुरू करा: ‘सेरेनिटी’ नावाचा दुप्पट लांबीचा भाग सर्वांत आधी, आणि त्याच नावाचा २००५ चा सिनेमा सर्वांत शेवटी.