टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी आलंय? औषधाआधी हे बघा भाऊ

जळगाव-धुळ्याकडं थकवा आला की पोरं जिमवाल्याच्या सांगण्यावरून डायरेक्ट इंजेक्शन टोचून घेतात, तसं अजिबात करू नका. आधी सकाळी दहाच्या आत उपाशीपोटी टेस्ट, आणि ती दोन वेगळ्या दिवशी, दोन्हीत 300 ng/dL च्या खाली आलं आणि त्रासही असेल तरच एंडोक्रिनॉलॉजिस्टकडं (हार्मोनच्या डॉक्टरकडं) जा, सोबत एलएच आणि प्रोलॅक्टिन ही मेंदूखालच्या ग्रंथीची हार्मोनपण बघतात.

मूल हवंय का, हे डॉक्टरला पहिलं सांगा!! कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं थांबू शकतं, अशावेळी शरीराला स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारी क्लोमिफेन किंवा एचसीजी ही औषधं देतात. मूल नको असेल तर रोजचं जेल, नाहीतर इंजेक्शन, त्यात अनडेकॅनोएट नावाचं लांब टिकणारं इंजेक्शन साधारण 10 ते 14 आठवड्यांनी एकदा. जेल लावल्यावर हात धुवा, लेकराबाळांना जेल लावलेली जागा लागू देऊ नका. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवावं लागतं, म्हणून रक्ततपासणी चुकवू नका.