गरब्याआधी पाठीवरचा गोरा पट्टा

बडोद्यात नवरात्र आली की बॅकलेस चोळ्या निघतात आणि रोजच्या ब्लाउजखाली झाकलेला पाठीचा गोरा पट्टा नेमका उघडा पडतो. सेल्फ-टॅनरने, म्हणजे उन्हाशिवाय कातडी तपकिरी करणाऱ्या लोशनने, तो आजूबाजूच्या रंगात मिसळतो, पण गरब्याच्या संध्याकाळी लावायचा नाही. त्यातलं डीएचए (डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन) हे रंग आणणारं द्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी मिळून तपकिरी होतं. रंग नीट चढायला सहा-आठ तास जातात. तेवढ्यात घाम आला की ओघळ उमटलेच. म्हणून आदल्या रात्री, भांडीकुंडी आटोपल्यावर.

आधी पाठ घासून, कोरडी करून घ्या. तेल अजिबात नको. हात पोचत नाही, तेव्हा वहिनीला धरा. तिला हातमोजे द्या, नाहीतर सकाळी तिचे तळवे नारिंगी! लोशन पट्ट्यावरच, अगदी पातळ. कडा ओलसर स्पंजने बाहेर ओढत विरवायच्या, म्हणजे रेघ राहत नाही. कोपरांना लावणार असाल तर तिथे आधी थोडं मॉइश्चरायझर, कोरडी कातडी रंग जास्त पिते. चादर जुनी घाला.

हाताच्या आतल्या बाजूला एक दिवस आधी ठिपका लावून खाज येते का ते बघाच. उन्हापासून मात्र हा रंग वाचवत नाही, सनस्क्रीन वेगळं. आणि तो पाच-सात दिवसांत उतरतो, त्यामुळे पाचव्या माळेच्या सुमारास दुसरा हात.