जुन्या कृतींचे बार्बेक्यू सॉस, नाशिकच्या बाजारातल्या सामानात

जुन्या अमेरिकन कृतींवरून बार्बेक्यू सॉस करायचा असेल, तर मॉलमधल्या बाटलीतला तो गोड, काळपट, चिकट प्रकार आधी डोक्यातून काढून टाका. कृती जितकी जुनी तितका सॉस पातळ आणि आंबट. अमेरिकेच्या दक्षिणेकडे अख्खं डुक्कर तासन्‌तास निखाऱ्यांवर भाजत ठेवायचे आणि त्यावर मीठ-मिरची घातलेलं व्हिनेगर मारत राहायचे. सॉस म्हणजे तेवढंच. टोमॅटो मागाहून आला, साखर तर आणखी मागाहून वाढत गेली.

मी पंचवटीत लोणच्या-मुरंब्यांच्या ऑर्डरी घेते. देवळाली कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे जुन्या अमेरिकन मासिकांचा गठ्ठा मिळाला, त्यातली पाककृतींची पानं वाचता वाचता हा नाद लागला. भाच्याचा मखमलाबादला मळा आहे. थंडीत तिथे शेगडी पेटते, चिकन, पनीर, रताळी, कणसं सगळं भाजलं जातं आणि सॉसचं खातं माझ्याकडे असतं. मला विचाराल तर या कृती लोणचं घालणाऱ्या बाईला लवकर कळतात. आंबट, खारट, गोड, तिखट यांचा मेळ आणि टिकाऊपणाचा हिशोब, दोन्हीकडे तेच.

मापांचं आधी उरकून घेऊ. अमेरिकन कप साधारण २४० मिली, मोठा चमचा १५, लहान ५. अमेरिकन कृतीत ‘गिल’ हे जुनं माप दिसलं तर १२० मिली धरा. पाइंट अमेरिकन असेल तर ४७३ मिली, इंग्रजी असेल तर ५६८, म्हणून पुस्तक कुठलं आहे ते बघून घ्या. ‘अक्रोडाएवढं लोणी’ म्हणजे सुमारे दोन मोठे चमचे.

खरी फसगत होते ती सामानात. तिकडची चिली पावडर म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण असा तो तयार मसाला असतो. कृतीत दोन मोठे चमचे लिहिलेत म्हणून घरचं तिखट तेवढं ओतलंत तर सॉस तोंडात धरवणार नाही. दोन मोठ्या चमच्यांऐवजी मी बेडगीचं तिखट एक मोठा चमचा, जिरेपूड एक लहान चमचा, चिमूटभर ओरेगॅनो आणि दोन लसूणपाकळ्या घेते. तसंच जुन्या कृतीतला चिली सॉस म्हणजे गोडसर टोमॅटो सॉस, चायनीजच्या गाडीवरचा झणका नाही. मोलॅसिस लिहिलं असेल तिथे काकवी चालते. मात्र मोलॅसिस साखर काढून घेतल्यावर उरतं म्हणून कडसर असतं, काकवीत सगळी गोडी शाबूत असते. एक कपाच्या जागी पाऊण कप पुरे. वुस्टर सॉसचं नाव बघून दचकू नका, त्यात चिंच असतेच. त्याच्याऐवजी मी दोन चमचे चिंचेचा कोळ, चमचाभर सोया सॉस आणि कणभर हिंग घालते, त्यातली मासळी सोडली तर काही अडत नाही.

व्हिनेगरवर मात्र पैसे वाचवू नका. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर नुसतं घशाला लागतं, त्याला स्वत:ची चव नाही. उसाचं किंवा सफरचंदाचं घ्या. लेबलवर आम्लता बघा. ४ टक्के असेल तर कृतीतलं पाणी थोडं कमी करा, कारण अमेरिकन कृती ५ टक्के धरून लिहिलेल्या असतात.

सगळ्यात सोपा सॉस नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडचा. दोन कप व्हिनेगर, एक मोठा चमचा मीठ, एक मोठा चमचा गूळ, एक मोठा चमचा जाडसर कुटलेली बियांसकट मिरची, लहान चमचाभर मिरपूड. बाटलीत घालून गूळ विरघळेपर्यंत हलवायचं, शिजवायचं काहीच नाही. एक दिवस मुरू द्या. ताजा चाखून नावं ठेवू नका. हा वरून ओतून खायचा कमी, भाजताना मारायचा जास्त. ब्रश नसेल तर काट्याला अर्धा कांदा टोचा, घावनाच्या तव्याला तेल लावतो तसा.

आता माझा लाडका, साउथ कॅरोलायनाचा मोहरीचा सॉस. अठराव्या शतकात तिथे जर्मन लोक वसले, ते मोहरी खाणारे, त्यातून हा आला असं मानतात. कृतीत एक कप तयार मस्टर्ड लिहिलेलं असतं. ते विकत आणायची गरज नाही, मोहरी फेसायला आपल्याला कोणी शिकवायला नको. पिवळी मोहरी ६० ग्रॅम आणि काळी एक लहान चमचा, दोन्ही कोरडी दळून घ्या. त्यात १०० मिली थंडगार पाणी घालून फेसा. दगडी खल असेल तर उत्तम. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा, भांडं गरम होता कामा नये. थंड पाण्याने मोहरीतलं एन्झाइम कामाला लागतं आणि तोच झणका नाकात जातो. गरम पाणी घातलंत की एन्झाइम मरतं आणि हाती नुसता कडवटपणा येतो. व्हिनेगर आधीच घातलं तरी झणका अर्धवट राहतो. म्हणून पाण्यात फेसून दहा मिनिटं झाकून ठेवायची. झाकण काढून वाकून वास घ्या, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर मोहरी जुनी आहे, ती फोडणीला ठेवा.

मग १२० मिली व्हिनेगर, दीड लहान चमचा मीठ, पाव चमचा हळद (अमेरिकन मस्टर्डचा तो पिवळाधमक रंग हळदीचाच असतो), ७५ ग्रॅम किसलेला गूळ, एक लहान चमचा मिरपूड, अर्धा चमचा तिखट. मंद आचेवर पाच-सात मिनिटं, गूळ विरघळून चमच्याच्या पाठीला पातळ थर बसेपर्यंत. पहिल्या दिवशी कडवट लागेल, दोन दिवसांनी चव बसते. भाजलेल्या रताळ्यावर हा सॉस खाल्लात की डुकराची आठवणही येणार नाही.

इथे भांड्याबद्दल सांगते. आपल्या नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं कौतुक मलाही आहे, पण यातला एकही सॉस बिनकल्हईच्या पातेल्यात करू नका. ताक कळकतं तसा हाही कळकेल, आणि आंबटात उतरलेलं तांबं पोटाला बाधतं. जाड बुडाचं स्टील घ्या. ॲल्युमिनियमही नको.

टोमॅटोचा दाट सॉस कॅन्सस सिटीकडचा. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री पेरी यांनी बार्बेक्यूचा धंदा सुरू केला, पण त्यांचा सॉस तिखट होता असं सांगतात, आजच्यासारखा गोड नव्हता. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट थडकतात आणि भाव पडतो, तेव्हा हा करायचा. दोन किलो लालबुंद टोमॅटो, दोन कांदे आणि सहा लसूणपाकळ्या पाणी न घालता शिजवा आणि पुरणयंत्रातून काढा. बिया-सालं वर राहतात. रस पसरट पातेल्यात घेऊन निम्मा होईपर्यंत आटवा, तास-सव्वा तास तरी जातोच. मग एक मोठा चमचा मीठ, दोन लहान चमचे बेडगीचं तिखट, चमचाभर मोहरीपूड, तेवढीच मिरपूड, तीन लवंगांची पूड, वर सांगितलेला चिंचेचा कोळ आणि सोया सॉस. काकवी अर्धा कप आणि व्हिनेगर पाऊण कप, पण शेवटच्या पंधरा मिनिटांत. काकवी आधी घातली की बूड लागतं. झाला का ते बघायला गार ताटलीत थेंब टाका. कडेने पाणी सुटलं तर अजून आटवा.

हा गोड सॉस शेगडीवर शेवटची दहा मिनिटंच लावायचा. आधीपासून चोपडलात तर वरून कोळसा आणि आतून कच्चं. सगळा वेळ मारायला तो पातळ व्हिनेगरचा, शेवटी हा. धुराचं म्हणाल तर शेगडी असताना सॉसला धुंगार देणं मला पटत नाही, धूर पदार्थाला लागू दे. गॅसवर करणाऱ्यांनी खुशाल निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकून पाच मिनिटं झाकावं. आणि कोळसा बाभळीचा बरा. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात, पण त्यांच्यावर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात, मी त्या जाळत नाही.

अलाबामाचा पांढरा सॉसही आहे, १९२५ साली डिकेटर गावात बॉब गिब्सन यांनी काढलेला. मेयोनेज, व्हिनेगर, भरपूर मिरपूड, मीठ, लिंबू. भाजलेली कोंबडी त्यात बुडवून काढायची. मला चक्क्याचा करून बघितलेला जास्त आवडतो, पण मग त्याला अलाबामाचं नाव देऊ नये.

जुन्या कृतींत ‘बाटलीला मेण लावा, वर्षभर राहील’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. बाटल्या उकळून कोरड्या करा. व्हिनेगरचा सॉस फ्रिजमध्ये दोन-तीन महिने राहतो, मोहरीचा महिनाभर, टोमॅटोचा तीन आठवडे. कच्च्या चिकनला लागलेला ब्रश किंवा कांदा बाटलीत बुडवायचा नाही. लागेल तेवढा सॉस वाटीत काढून घ्यायचा आणि वाटीत उरेल तो टाकून द्यायचा. हळहळ वाटली तर पुढच्या वेळी वाटी लहान घ्या.