मृगातला तेजोमेघ ठाण्याच्या गच्चीवरून पाहताय? या चुका टाळा

"दुर्बीण खराब निघाली, परत करू का?" थंडी सुरू झाली की हा प्रश्न हमखास कानावर येतो. बहुतेक वेळा दुर्बीण ठणठणीत असते. हबल या अवकाश दुर्बिणीचे गुलाबी-निळे फोटो डोक्यात असतात आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा प्रचंड ढग, समोर दिसतो तो राखाडी, धुरकट डागासारखा. पहिल्या वर्षी मीही घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीत दहा मिनिटं बघून दुर्बीण खोक्यात भरून ठेवली. अख्खा हिवाळा हातचा गेला, त्याची हळहळ अजून वाटते.

राखाडी दिसणं हा दोष नाहीच. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा मात्र बराच वेळ प्रकाश साठवत राहतो. हबलच्या कित्येक चित्रांत तर गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला ठरवून वेगवेगळे रंग दिलेले असतात.

तेजोमेघ सापडतच नसेल, तर जानेवारीअखेर रात्री साडेनऊ-दहाला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शहरातूनही सहज दिसतो. त्याच्या खाली फिक्या ताऱ्यांची छोटी उभी रांग आहे. तिच्या मधला 'तारा' जरा पुसट वाटतो. तोच आपला तेजोमेघ, यादीतलं नाव एम-४२. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोडा.

सगळ्यात मोठी चूक मोबाइलची. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक मेसेज वाचला की ती सगळी वाया. सोसायटीचा फ्लडलाइट बंद होणार नाही, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसा, डोक्यावरून शाल घ्या. मग डागाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या कडेचा भाग मंद प्रकाश जास्त टिपतो. मधे चार बारीक तारे, हिऱ्याच्या कुड्यांसारखे जवळजवळ, आणि त्यांच्यापासून दोन्हीकडे पसरत गेलेले पंख. हे चौघे अगदी तरुण आहेत आणि त्यांच्यातल्या सर्वांत तापलेल्या ताऱ्याच्या अतिनील प्रकाशानेच भोवतालचा वायू उजळतो. इथल्या कोवळ्या ताऱ्यांभोवती हबलला धुळीच्या चकत्या दिसल्या. ग्रह अशाच चकत्यांतून घडतात.

खोक्यावर छापलेल्या '५२५ पट'च्या नादी लागू नका. चित्र जितके पट मोठं करू, तितकं ते अंधारतं. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (दुर्बिणीवर 'F' म्हणून लिहिलेला आकडा) दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावला, तर ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट मिळते आणि सुरुवातीला तेवढी पुरे. साधा १०×५० (दहा पट, ५० मिलिमीटरची भिंगं) बायनॉक्युलरही चालेल, फक्त कोपर कठड्यावर टेकवा.

तारे उकळल्यासारखे थरथरत असतील, तर दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडतोय. तासभर थांबा, दुर्बीणही बाहेरच्या हवेला निवू द्या.

अंधाराच्या हौसेने रात्री येऊरच्या जंगलात शिरू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर. त्यापेक्षा लोकलने बदलापूरपुढचं वांगणी गाठा. आकाशवेडे वर्षानुवर्षं तिथे जातात.

दिसला की घरच्यांना हाक मारा आणि पोरांना एवढं नक्की सांगा: हा उजेड सुमारे १,३५० वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.