हिवाळ्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड : या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. आम्ही पाच जण रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीकडे निघालो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. सकाळी नेढ्यात, म्हणजे गडाच्या कातळातल्या आरपार भोकात, बसून चहा झाला, फोटो झाले, कोणालाच घाई नव्हती. पुढे कारवीच्या झुडपांच्या रानात एका ढोरवाटेने, म्हणजे गुरांच्या वाटेने, दीड तास खाल्ला आणि खिंडीत पोचेपर्यंत पाच वाजायला आले. उतरणीचा घसारा, म्हणजे सुट्या मातीदगडांचा निसरडा उतार, निम्मा झाला असेल-नसेल, तेवढ्यात अंधार पडला. एका सपाट खडकावर पाचही जणांनी रात्र काढली, दीड लिटर पाण्यावर. कोणाला काही झालं नाही, पण त्या रात्रीपासून मी हिवाळी ट्रेक आखायची पद्धतच बदलली.

पावसाळा गेला, शेवाळ वाळलं, आता सह्याद्री सोपा, असं आपल्याकडे सर्रास मानतात. एका दिवसाच्या गडफेरीला ते बरंचसं लागू पडतं. पाठीवर तीन दिवसांचं ओझं घेऊन दृष्टिभयाच्या, म्हणजे बाजूची दरी बघून भीती वाटावी अशा, वाटांवरून जायचं असेल, तर हिवाळ्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत. रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाई, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई आणि हरिश्चंद्रगड ही वाट माझ्या पायाखालची आहे, म्हणून तिच्याच आधाराने लिहितो.

किलोमीटर मोजले, उजेड मोजला नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जेमतेम अकरा तास. त्यातले सगळे कामाचे नसतात. सकाळी कातळावर आणि गवतावर दव असतं, रतनगडाच्या गणेश दरवाजाखालच्या लोखंडी शिड्या ओल्या आणि बर्फासारख्या गार असतात. दुपारी चारनंतर पूर्वेकडच्या उतारांवर कड्याची सावली येते आणि घळीत तर अंधारूनच येतं. अवघड जागेसाठी खरा वेळ उरतो तो साधारण नऊ ते चार.

म्हणून आखणी मुक्कामापासून सुरू करू नका. आधी त्या दिवसातली सगळ्यात अवघड जागा कागदावर लिहा, तिथे किती वाजता पोचायचं ते ठरवा आणि तिथून मागे मोजत निघायची वेळ काढा. आमच्या बाबतीत ती जागा खिंडीपलीकडची उतरण होती. तिथे दुपारी एकला पोचायचं ठरवलं असतं, तर गड सातालाच सोडावा लागला असता. रिकाम्या पाठीने एक तास लागतो तिथे बारा किलोच्या सॅकसह दीड तास धरा. पाच-सहा जण असतील तर शिडी किंवा कातळटप्पा एकेकाने पार करायला लागणारा वेळ वेगळा धरा. तो हिशोबात कोणीच घेत नाही आणि तिथेच अर्धा-पाऊण तास जातो.

नकाशावरची रेघ आणि चुकीचा पदर

मोबाइलमध्ये कोणीतरी टाकलेला ट्रॅक असतो आणि त्या जोरावर वाटाड्या घ्यायचं टाळलं जातं. सह्याद्रीत हे विशेष धोक्याचं का, ते समजून घ्या. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे तो पायऱ्यांसारखा आहे: कडा, मग झाडीचा पदर (दोन कड्यांमधला आडवा पट्टा), पुन्हा कडा, पुन्हा पदर. एका पदरातून दुसऱ्यात उतरायला ठरावीक नाळ (अरुंद घळ) किंवा सोंड (उतरत गेलेली डोंगरधार) असते. ती हुकली की तुम्ही दोन कड्यांच्या मध्ये आडवे चालत राहता. मोबाइल सांगतो की वाट तीस मीटरवर आहे. ती असतेही, पण तीस मीटर खाली.

त्यात हिवाळ्यात गवत कापणीला आलेलं असतं, गुरं सगळीकडे फिरलेली असतात, आणि पायवाटेपेक्षा ढोरवाटाच जास्त ठसठशीत दिसतात. एक खूण मला उपयोगी पडते. माणसाची वाट डोक्याएवढी मोकळी असते. ढोरवाट खाली रुंद, पण वर कारवीच्या काड्या तोंडावर येतात. शंभर पावलं फांद्या बाजूला करत चालावं लागलं, तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. खाली बघून "इथूनच उतरू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पहिल्यांदा जात असाल तर रतनवाडीतून किंवा कुमशेतमधून गावातला वाटाड्या घ्याच. त्या वाटाड्या मामांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा आणि त्यांच्या परतीचा दिवसही धरून पैसे द्या.

सॅकने दिलेला धक्का

कॅरीमॅट (झोपायची गुंडाळी) सॅकखाली आडवी बांधायची सवय सगळ्यांना आहे. सपाटीवर ठीक आहे. आडव्या अरुंद वाटेवर, जिथे एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, तिथे वळताना मॅटचं टोक कातळाला लागतं आणि माणूस दरीकडे ढकलला जातो. धक्का लहानसा असतो, पण घसाऱ्यावर तेवढाही पुरतो. मॅट उभी बांधा, शक्यतो सॅकच्या आत. बाहेर काहीही लोंबकळता कामा नये, मग ती पाण्याची बाटली असो वा चपला. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यावर ठेवा. रतनगडाच्या त्रिंबक दरवाज्याच्या पायऱ्यांसारख्या झिजलेल्या जागी तोल जातोय असं वाटलं, तर सॅक काढून दोराने सोडा. त्यासाठी पंधरा-वीस मीटर दोर एकाच्या सॅकमध्ये असावाच.

बुटांबद्दल थोडक्यात: नवे बूट घेऊन पहिल्यांदा याच ट्रेकला येऊ नका. वाळलेलं गवत उतारावर झोपलेलं असतं आणि केसांवर पाय ठेवल्यासारखं सरकतं. त्याखाली मुरूम. उतरताना गवतावर नाही, गवताच्या बुंध्यावर पाय रोवायचा, आणि पकडायला गवत नाही, कारवीचा बुंधा, तोही ओढून बघून. वाळलेली कारवी हातात येते.

"आपल्याकडे काय थंडी पडते?"

रतनगड १,२९७ मीटर, हरिश्चंद्रगड सुमारे १,४२४ मीटर. हिमालयापुढे हे आकडे लहान आहेत आणि म्हणूनच लोक फसतात. तापमान १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला ते सहा-सात अंशांसारखं लागतं. चढताना घामाने भिजलेला सुती टीशर्ट घालून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्त बघत बसलात की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम चहा नाही, कोरडी बनियन.

दुसरी चूक तंबूच्या जागेची. वाऱ्यापासून वाचायला लोक खोलगटात, पाण्याच्या काठाला तंबू लावतात. रात्री जड, थंड हवा उतरून खोलगटातच साठते. महाबळेश्वरात हिमकण वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात दिसतात, वरच्या पॉइंटांवर नाही, त्याचं कारण हेच. पाण्यापासून थोडं वर, झाडीच्या किंवा कातळाच्या आडोशाला राहा. गुहेत झोपणार असाल तर अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालची मॅट महत्त्वाची. दगडी जमीन रात्रभर ऊब ओढून घेते. स्लिपिंग बॅगवरचा मोठा आकडा पुष्कळदा शेवटच्या मर्यादेचा असतो, सुखाने झोप लागण्याचा आकडा बारीक अक्षरात वेगळा दिलेला असतो. तो बघून घ्या.

आणि अवकाळी पाऊस. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला जो पाऊस आणि गारठा आला, त्यात जुन्नर-आंबेगाव भागात शेकडो मेंढ्या गारठून दगावल्या. अंगावर लोकर असलेली, उघड्यावर राहायची सवय असलेली जनावरं ती. भिजणं आणि वारा एकत्र आले की काय होतं, हे सांगायला मला याहून दुसरं उदाहरण सुचत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा. पावसाची शक्यता असेल तर तारीख पुढे ढकला. सॅकमध्ये पाँचो आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी कायम असू द्या, स्लिपिंग बॅग तिच्यातच ठेवा.

पाणी, आग, माश्या

थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक दोन लिटर घेऊन निघतात. रतनगडावर टाकी आहेत, हरिश्चंद्रगडावर आहेत, गावांत विहिरी आहेत, मधल्या दिवसाच्या टप्प्यात मात्र ओढ्यांच्या भरवशावर राहता येत नाही. जानेवारीत काही ओढ्यांत फक्त डबकी उरतात. चालण्यापुरतं माणशी तीन लिटर, आणि वाटेत स्वयंपाक असेल तर वेगळं. "पुढे पाणी आहे का?" हे विचारताना "आत्ता आहे का, कोणी कधी बघितलं?" हेही विचारा.

शेकोटी गवताळ माचीवर अजिबात पेटवू नका. एका ठिणगीने वणवा लागतो आणि तो चढावर माणसापेक्षा वेगाने येतो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते वनखात्याच्या नाक्यावर विचारूनच जा. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा बंद. डोकं-चेहरा झाकायला एक पातळ चादर सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. अरुंद वाटेवर घाबरून पळालात तर माश्यांपेक्षा दरीचा धोका मोठा.

चूक झालीच तर

आडव्या वाटेवर कोणी मध्येच थिजला, पाय उचलेना, तर त्याला हसू नका, ओरडून धीरही देऊ नका. एकाने त्याच्या दरीकडच्या बाजूला न जाता पुढे उभं राहायचं, त्याची सॅक काढून घ्यायची, आणि "उजवा हात इथे, आता डावा पाय" असं एकेक सांगायचं. दोन मिनिटं कातळाला तोंड करून उभं राहिलं की श्वास जागेवर येतो.

कोणी थरथरायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, पाय वेडेवाकडे पडायला लागले, तर तो दमलेला नाही, गारठलेला आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, मॅटवर बसवून स्लिपिंग बॅगमध्ये घाला, शुद्धीवर असेल तर गोड गरम पाणी द्या. थरथर थांबली आणि तो सुस्तावला तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. उलट तेव्हा लगेच मदत बोलवा. ११२ आणि राज्यातल्या गिर्यारोहक बचाव पथकांच्या समन्वय केंद्राचा हेल्पलाइन क्रमांक कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी रात्री स्लिपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. रेंज असेल अशी शेवटची जागा लक्षात ठेवा.

अंधार पडला आणि पुढे घसारा असेल तर जिथे सपाट आहे तिथेच बसा. टॉर्चच्या उजेडात खोलीचा अंदाज येत नाही, सावल्या खड्ड्यासारख्या आणि खड्डे सावल्यांसारखे दिसतात. सगळ्यांनी चिकटून बसायचं, असेल ते खायचं, पाणी घोट-घोट. आम्ही गूळ-शेंगदाण्यांवर काढली ती रात्र. निघताना घरी कागद ठेवा: कुठून कुठे, कुठल्या गावात कोणाला भेटणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आम्ही कुमशेतला सकाळी नऊला पोचलो तेव्हा गावातले दोघे आम्हाला शोधायला वर निघण्याच्या तयारीत होते, कारण आदल्या रात्रीच्या पिठलं-भाकरीची वर्दी आम्ही देऊन ठेवली होती.

शेवटच्या दिवशी हरिश्चंद्रगडावरून उतरताना ज्याच्या-त्याच्या अंगात येतं. नळीची वाट, म्हणजे कोकणात उतरणारी अवघड घळ, व्हिडिओत बघितलेली असते. तीन दिवसांच्या दमलेल्या पायांनी, भरल्या सॅकने ती उतरायचा विचार सोडा. खिरेश्वर गावाकडे उतरणाऱ्या टोलार खिंडीच्या बाजूला कातळावर रेलिंग आहे, तिथेही कातळाकडे तोंड करूनच उतरा. खिरेश्वरहून खुबी फाट्यापर्यंत धरणाच्या कडेने अजून तासाभराची चाल उरते. दुपारी बाराला गड सोडलात तर एसटी उजेडात मिळते.