प्रेस अडली की आधी काटा बघा: व्हॅक्यूम प्रेसवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

जुलै महिना होता. कोल्हापुरात चार दिवस झड लागली होती. एका काकांनी घरातल्या जुन्या फोटोंच्या सात कॉपी काढून आणल्या होत्या, वास्तुशांतीच्या आधी भिंतीवर लागायला हव्यात म्हणून. पहिला फोटो फोमबोर्डावर चिकटवायला व्हॅक्यूम प्रेसमध्ये घातला, बाहेर काढला, तर मधोमध, आजींच्या पदराजवळ, रुपयाएवढा फुगा. मी तापमान १० अंशांनी वाढवलं. दुसऱ्या फोटोतही फुगा आला, शिवाय फोमबोर्डाच्या कडा दबून पातळ झाल्या. मग वेळ वाढवली. तिसराही गेला. तेव्हा कुठे हात थांबला.

त्या दिवशी पंपाच्या काचेतून तेल बघितलं असतं, तर तीन फोटो वाचले असते. मधासारखं स्वच्छ दिसणारं तेल चहासारखं दुधाळ झालं होतं. फुगा फोटोत होता, पण दुखणं पंपात होतं. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले. तुम्हाला लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही प्रेस काम कशी करते ते नीट समजून घ्या, कारण दुरुस्तीचं अर्धं काम तिथेच होतं. आमच्या प्रेसला वर हीटर बसवलेलं झाकण आहे आणि खाली रबराची चादर. झाकण लावलं की मधली हवा पंप ओढून घेतो, आणि बाहेरची हवा रबर वर ढकलून फोटो झाकणाला दाबून धरते. म्हणजे दाब देते ती आपल्या भोवतालची हवा. पंप फक्त तिच्या वाटेतली हवा काढून टाकतो. पोकळी मोजणाऱ्या गेजचा काटा २५ इंचांवर (पाऱ्याचे इंच) असेल, तर २४ बाय ३६ इंचाच्या बोर्डावर जवळजवळ ४,८०० किलोचा भार येतो. काटा १५ वर अडला, तर तोच भार २,९०० किलोच्या आसपास उरतो. वरून बघताना काही फरक कळत नाही. झाकण तसंच घट्ट, हीटर तसाच गरम.

म्हणून कुठलीही तक्रार असो, पहिली नजर काट्यावर. आणि काटा शेवटी किती चढतो यापेक्षा तो किती वेळात चढतो, हे बघा. तापलेल्या प्रेसमध्ये दोन कामं एकाच वेळी चालू असतात: हवा बाहेर जात असते आणि टिश्यूचा, म्हणजे फोटो आणि बोर्ड यांच्यामध्ये घालायच्या चिकट पातळ कागदाचा, गोंद वितळत असतो. पंप दमलेला असेल, तर हवा निघायच्या आत कडेचा गोंद पाघळून चिकटतो आणि मधली हवा कोंडली जाते. नंतर काटा पूर्ण चढला, तरी त्या हवेला वाट राहिलेली नसते. अशा वेळी तापमान वाढवलं की कडा आणखी लवकर चिकटतात. त्या दिवशी मी नेमकं हेच करत होते.

तर प्रेस नवी आणि ठणठणीत असतानाच, रिकाम्या प्रेसचा काटा किती सेकंदांत कुठे जातो ते वहीत लिहून ठेवा. आमच्या भिंतीवर ती वही खिळ्याला टांगलेली आहे. दर सोमवारी सकाळी एक ओळ: तारीख, सेकंद, इंच. पुढे कधी शंका आली की ताडून बघायला काहीतरी हातात असतं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यापायी माझे पैसे वाया गेले. मी काम शिकले मुंबईत, गिरगावात. तिथल्या प्रेसचा काटा २७ ला जायचा. इथे आल्यावर माझी प्रेस २५ च्या पुढे सरकेना. मी गळती समजून झाकणाचं रबर बदलून घेतलं. फरक शून्य. मास्तरांना फोन केला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘अगं, तू राहतेस किती उंचावर?’ समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ३० इंचांच्या जवळ असतो आणि साधारण दर ३०० मीटर चढलं की एक इंच कमी होतो. पुणे, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहेत, म्हणजे दोन इंच इथेच गेले. महाबळेश्वरला कुणी प्रेस लावली, तर तिथे चांगल्यातला चांगला पंपही साडेपंचवीसच्या वर जाणार नाही. मुंबईच्या प्रेसचा आकडा घाटावर मागू नका.

आता काटा खरोखरच कमी पडतोय किंवा रेंगाळतोय असं वहीवरून दिसलं, तर पंप आणि प्रेस वेगळे करा. पंपाचा पाईप प्रेसपासून सोडवा आणि पंपाच्या तोंडाला गेज लावून चालू करा. गेज काही क्षणांत वर गेला, तर पंप निर्दोष आहे, हवा प्रेसमध्ये कुठेतरी शिरते आहे. गेज तिथेही रेंगाळला, तर प्रेसला हात लावायची गरज नाही. नवीन मुलं हे पाच मिनिटांचं काम टाळतात आणि दिवसभर रबर चाचपत बसतात.

पंपात बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. हवेचा फिल्टर आधी. एमडीएफचा भुसा आणि फोमबोर्डाचे कण त्यात बसतात, आणि नुसता तो झटकल्यावर कितीतरी वेळा काम होतं. मग तेलाचा पंप असेल तर तेल. दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी मिसळलं आहे. पाणी येतं कुठून? आपल्याच बोर्डातून. पावसाळ्यात माउंटबोर्ड, एमडीएफ, फोटोचा कागद, सगळे ओल पिऊन बसलेले असतात. प्रेसमध्ये तापले की ती ओल वाफ होऊन पाईपातून थेट पंपात जाते. पंप गरम असतानाच तेल पूर्ण काढा, कंपनीने सांगितलेलंच तेल भरा, आणि नंतर बोर्ड कोरडे करायची सवय लावा, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

गळती प्रेसमध्ये असेल तर ती शोधायला माझ्याकडे एक उदबत्ती आहे. साबणाचं पाणी टायर-ट्यूबला चालतं, कारण तिथे हवा बाहेर येते. इथे हवा आत ओढली जाते, फेस आत जाईल. हीटर बंद, प्रेस गार, आसपासचे कागद बाजूला, दुकानातला पंखा बंद. पंप चालू करा आणि पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेने सावकाश फिरवा, रबरापासून चार बोटं लांब. धूर सरळ वर जात राहतो, जात राहतो, आणि एका जागी अचानक वाकून फटीत शिरतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा फार समाधान वाटतं. आमच्या प्रेसला तो मागच्या बिजागरीजवळ वाकला. तिथे रबरावर लॅमिनेशन फिल्मचा नखाएवढा तुकडा वितळून बसला होता. लाकडी पट्टीने हळूच खरवडला, कापडाने पुसलं, काटा जागेवर आला. रबरावर ब्लेड मात्र चुकूनही चालवू नका. पाईपाचे जोड आणि क्लिपा याही उदबत्तीनेच तपासा.

काटा ठीक असेल, तरच तापमानाकडे वळा. डायलवरचा आकडा म्हणजे झाकणाचं तापमान. आपल्याला हवं असतं ते टिश्यूचं, जो फोटो आणि बोर्ड यांच्यामध्ये दडलेला असतो. बहुतेक टिश्यूंना ८० ते ९० अंश सेल्सिअस लागतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. दोन बोर्डांमध्ये तापमानाची पट्टी किंवा मीटरची बारीक वायर घालून मोजा, मध्ये एकदा आणि चारही कोपऱ्यांत. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड मीटर चकाकत्या पत्र्यावर कमी दाखवतो आणि काचेतून आतलं वाचू शकत नाही, त्याच्यावर विसंबू नका.

संध्याकाळी सहानंतरचं काम बिघडतं आणि सकाळचं चांगलं येतं, असं दिसलं तर व्होल्टेज मोजा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे २०० झाले, तर उष्णता जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी होते. काटा नेहमीसारखा, वेळ नेहमीसारखी, आणि फोटोचे कोपरे सुटतात. अशा वेळी प्रत्येक फोटोनंतर प्रेसला पुन्हा तापायला अवधी द्या. आणि प्रेसला स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शनवर चालवलेली वायर हाताला गरम लागली की काम तिथेच थांबवा. हीटरच्या आतली वायरिंग हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे, ते त्यालाच करू द्या.

ओलीबद्दल वर बोललेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी प्रत्येक बोर्ड आणि कागदी प्रिंट गोंद न लावता दोन कोऱ्या खाकी कागदांमध्ये ठेवून मिनिटभर प्रेसमध्ये तापवते, मग काढून हवेत झटकते. एकदा मुद्दाम तो खाकी कागद हातात घेऊन बघा, दमट लागतो. ती ओल फोटोखाली राहिली असती.

बोर्डांमध्ये सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसीचा फोम, आपल्याकडे सर्रास वापरतात, कारण स्वस्त आणि हलका. पण तो ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. त्याच्यावर ८५ अंशांचा टिश्यू लावाल, तर पृष्ठभागावर लाटा येतील आणि तुम्ही प्रेसला दोष द्याल. सनबोर्डाला गार चिकटवायची फिल्मच वापरावी, हे माझं स्पष्ट मत. आणि जाड एमडीएफला फोमबोर्डाची वेळ पुरत नाही. तो उष्णता पीत बसतो.

फोटो बाहेर काढल्यावर काम संपलं असं समजू नका. काही टिश्यू गार होताना पकड घेतात. गरम फोटो हातात धरून वाकवून बघितला की ती पकड तिथेच सुटते, आणि आठवड्याने गिऱ्हाईक कोपरा उघडलेला फोटो घेऊन परत येतं. काढल्याबरोबर सपाट टेबलावर, वर जाड काच ठेवून, पूर्ण गार होऊ द्या. पकड खात्रीची आहे का, हे रोज सकाळी एका रद्दी तुकड्यावर बघते: माउंट करायचा, गार करायचा, आणि फाडायचा. कागदाचे धागे बोर्डाला चिकटून राहिले, तर ठीक. कागद अख्खा सोलून निघाला, तर त्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोटो आत जात नाही.

एकच नियम मी इथे हट्टाने सांगेन. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती रद्दीवर. वेळ, तापमान, बोर्ड, फिल्म, सगळं एकदम बदलून काम नीट आलं, तरी कशामुळे आलं ते कळत नाही. उद्या पुन्हा बिघडेल तेव्हा तुम्ही होता तिथेच असाल.

आणि जे प्रेसमध्ये घालायचंच नाही, ते काउंटरवरच ओळखायला शिका. दोन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं आलं, पाकिटातून सोनोग्राफीचा छोटा काळा-करडा कागद काढला. बाळ आता वर्षाचं झालं होतं, तो पहिला फोटो फ्रेम करायचा होता. तो कागद थर्मल असतो, उष्णता लागली की काळा पडतो. मिनिटभराने आत फक्त काळा चौकोन उरला असता. आम्ही त्याची स्कॅन करून प्रिंट काढली, ती माउंट केली, आणि मूळ कागद पाकिटात घालून उन्हापासून लांब ठेवायला सांगितलं. तसंच लहान मुलांची मेणाच्या खडूची चित्रं. तसंच जुन्या वाड्यांतून येणारी रविवर्मा प्रेसची देवदेवतांची चित्रं. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या चित्रांवर वार्निश असतं, कधी देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. उष्णतेने आणि दाबाने हे सगळं कायमचं जातं. ड्राय माउंट केलेली, म्हणजे अशी टिश्यूने तापवून चिकटवलेली, वस्तू मुळासारखी पुन्हा सुटी होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जिची दुसरी प्रत नाही, ती वस्तू प्रेसमध्ये जाणार नाही, असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. दहातले नऊ जण ऐकतात. दहावा दुसऱ्या दुकानात गेला, तरी जाऊ द्या.

काकांचे बिघडलेले तीन फोटो पुन्हा प्रिंट केले आणि सातही वास्तुशांतीच्या आदल्या रात्री पोचवले. पैसे अर्थात माझेच.

रात्री प्रेस बंद करताना आधी हवा आत सोडायचा व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर येऊ द्या, मग पंपाचं बटण बंद करा. उलट केलंत, तर आतली पोकळी तेलाच्या पंपातून तेल पाईपात ओढून घेते आणि सकाळी पहिल्याच फोटोच्या मागे पिवळा डाग उमटतो. झाकण घट्ट लावून ठेवू नका, बोटभर फट राहू द्या, म्हणजे रबर एकाच जागी दबून राहत नाही. आणि तेलाच्या काचेवर एक नजर टाकून मग शटर ओढा.